मुठीतला दवणा

माझ्या मावशीच्या यजमानांना कुणी विकतचा साबण भेट दिला, तर ते त्या माणसाशी पुन्हा म्हणून सरळ बोलणार नाहीत. तंजावुरात राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत भांडकुदळ माणसं पुष्कळ झाली, पण साबणाच्या वडीशी वैर धरणारा माणूस एकच झाला आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला. आम्ही त्यांना काका म्हणतो. ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत त्यांनी उभी हयात काढली, पण तिथे ते काय काम करत हे आम्हाला कुणालाच नीटसं ठाऊक नाही. संध्याकाळच्या बसमधून उतरताना त्यांच्या एका हातात रिकामा डबा असे आणि दुसऱ्या हातात कुठल्या तरी कालव्याकाठून मुळासकट उपटलेलं झाड असे, एवढं मात्र सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

ही सगळी झाडं मावशीच्या परसात येऊन राहिली. जास्वंद, तरवड, वाळा, माका, निर्गुडी, आंबेहळद आणि उन्हाशी मुळीच न पटणारा दवणा. त्या दवण्यावर काका आपल्या जुन्या धोतराचा मांडव घालत, आणि त्याला ऊन लागलं तर आम्हाला ओरडत. जास्वंदीची पानं वाटून केस धुवायचे, रिठ्याच्या पाण्यात रेशमी लुगडी बुचकळायची, तरवडाची फुलं, मूग आणि आंबेहळद दळून अंगाला लावायचं पीठ करायचं, माक्याच्या रसात भिजवलेली चिंधी वाळवून तिच्या वातीवर काजळ धरायचं, असा त्या घरचा रिवाज. आम्हा मुलींची लहानपणची सगळी सुट्टी फुलं निवडण्यात गेली, आणि खरं सांगायचं तर त्याहून चांगली सुट्टी मला पुढे कधी मिळाली नाही.

न्हाणीघरातल्या फळीवर सारख्या आकाराच्या बरण्या असत आणि प्रत्येकीवर काकांनी वळणदार अक्षरात लिहिलेली चिठ्ठी असे. शब्द मराठी, अक्षरं तमिळ. आमच्याकडे हे असंच चालतं. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोललो, तरी शाळेत गिरवली ती अक्षरं तमिळच. त्यांच्या मुलीला पुण्याचं स्थळ मिळालं तेव्हा हे कुणाच्या लक्षात आलं नाही. नवे जावई पहिल्यांदा मुक्कामाला आले, सकाळी न्हाणीघरात गेले आणि दंतमंजन समजून केस धुवायच्या रिठ्याच्या पुडीनं खसाखसा दात घासले. थोड्याच वेळात आतून गुळगुळ असा काही तरी आवाज येऊ लागला. दार उघडलं तर तोंडभर फेस, डोळ्यांत पाणी आणि एक हात मदतीसाठी वर. काका अजिबात गडबडले नाहीत. "केसांचं पूड तोंडात घालून सोडलांत कां? शरि, शरि, भय नको. सगळं आपल्या तोट्टातलंच आहे," परसाकडे बोट करून म्हणाले. जावई अजूनही सासरी येताना पेस्ट खिशात घालून येतात.

पण काकांची खरी खोड म्हणजे त्यांची मूठ. नवं काही केलं की ते मूठ मिटून तुमच्या नाकाशी आणत, हळूच उघडत आणि विचारत, "वास येतो कां?" पोस्टमन, दूधवाला, देवळातले गुरुजी, कुणीही त्यातून सुटलं नाही. ओरत्तनाडूच्या बसचा कंडक्टर तर तिकिटाआधी नाकच पुढे करायचा. नुसतं छान म्हणून भागत नसे, कशाचा वास येतो तेही सांगावं लागे. मात्र आमच्या कुणाच्याही कौतुकाची त्यांना फारशी किंमत नव्हती. ते सगळ्यांत शेवटी स्वयंपाकघरात जात. मावशी चुलीपाशीच उभी राहून मान वळवून हुंगायची आणि म्हणायची, "वाळा जास्ती होऊन गेला हो." मग काका पुटपुटत परत परसात जात आणि सगळं पहिल्यापासून करत. मावशीचं नाक म्हणजे त्या घरातलं वरचं कोर्ट होतं. तिथे वशिला चालत नसे.

मग ती साथ आली. मावशीचा ताप लवकर उतरला, पण जाताना तिचा वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. गल्लीतल्या बाकीच्यांचा आला, मावशीचा काही आला नाही. तिनं ते निमूटपणे सोसलं. सोसवेना ते काकांना. एकदा हळदीनं पिवळे झालेले हात तसेच मांडीवर ठेवून ते मला म्हणाले, "तिला येईना तर मी हे सगळं कोणासाठी करतो म्हणून सांग." तेव्हापासून रोज सकाळी ते मूठ घेऊन तिच्यापुढे उभे राहत. "अगे, येतो कां?" आणि मावशी रोज खरं तेच सांगे, "नाही हो."

लग्नात मावशीच्या केसांत कदंबम् माळलं होतं, आमच्या तंजावुरी पद्धतीनं फुलांमध्ये दवणा घालून बांधलेलं. तिचा वास परत आणील तर तो दवणाच आणील, असं काकांनी मनाशी ठरवून टाकलं. वर्षभर त्यांनी त्या रोपांची पोटच्या पोरांसारखी काळजी घेतली. सावलीत वाळवलेला तो सगळा दवणा चुरून एका डब्यात भरला. दिवाळीच्या अंगाला लावायच्या पिठात तो घालायचा होता.

आमच्याकडे दिवाळीच्या तोंडावर पाऊस लागतो आणि डासांचे थवे घरात शिरतात. त्या संध्याकाळी काका मूग दळायला गिरणीत गेले होते आणि मी ओट्यावर बसले होते. एकाएकी घरातून असा काही सुगंध आला की समोरच्या घरातली माणसं बाहेर येऊन उभी राहिली. मी आत धावले. मावशीनं डासांसाठी निखारे केले होते आणि निर्गुडी म्हणून त्या डब्यातली पानं धुपाटण्यात घातली होती. चुरलेली पानं सगळी सारखीच दिसतात. ती ओळखायची ती नाकानं. शेवटची मूठ टाकून ती मला म्हणाली, "आज धूर रोंबा बरा झाला गे. डास पळून गेले."

तेवढ्यात काका दारात आले. हातात पिठाची पिशवी. त्यांनी धुपाटण्याकडे पाहिलं, रिकाम्या डब्याकडे पाहिलं. रागावतील, रडतील, काय करतील याचा नेम नव्हता. मावशी म्हणाली, "अहो, निर्गुडी संपून गेली." काकांनी एक लांब श्वास घेतला, वर्षभराचा दवणा त्या एका श्वासात मावेल तेवढा घेतला, आणि म्हणाले, "संपू दे. झाडाला पुष्कळ आहे." मला त्यांनी डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं.

दिवाळीच्या पहाटे "गंगास्नानम् आच्चा?" म्हणजे अभ्यंगस्नान झालं का, असं रीतीप्रमाणे विचारायला मी त्यांच्याकडे गेले. गंगास्नान व्हायचंच होतं. मावशी तेल लावून पाटावर बसली होती आणि काका सवयीनं मूठ घेऊन उभे होते. मुठीत नुसते मूग, हळद आणि तरवड. त्यांनी मूठ उघडली, पण विचारलं काहीच नाही. मावशीनं हुंगलं आणि मग काकांच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"अहो, येतो."

"काय येतो?"

"दवणा. लग्नातल्या कदंबमाचा येत होता की, तस्सा."

त्या कोर्टानं जन्मात पहिल्यांदा खोटा निकाल दिला होता, आणि तो खोटा आहे हे काकांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. "येणारच की," ते म्हणाले, "वर्षभर सांभाळलं होतं." आणि डोळ्यांत पीठ गेलं म्हणून धोतराच्या टोकानं डोळे पुसत परसात निघून गेले.

आता काकांचा हात थरथरतो, पण परसात दवणा पुन्हा लावलेला आहे, नव्या धोतराच्या मांडवाखाली. मी गेले की ते हळूहळू चालत येतात, मूठ माझ्या नाकाशी धरतात आणि विचारतात, "वास येतो कां?"

"मला येतो हो!" मावशी आतून, स्वयंपाकघरातून ओरडून सांगते. काकांची मूठ तोवर उघडलेलीसुद्धा नसते.