उपासाचं पीठ

महाशिवरात्रीच्या सकाळी छबूबाईंनी भगरीच्या पिठाची भाकरी खाल्ली आणि बारा वाजायच्या आत त्यांचे हातपाय लटलट कापायला लागले. डोळ्यांपुढं अंधारी, पाठोपाठ उलट्या. सून ज्ञानेश्वरीनं शेजाऱ्यांची जीप करून त्यांना शेवगावच्या सरकारी दवाखान्यात आणलं. तिथं पाहतात तो आळीतल्या दोघी आधीच सलाईन लावून पडलेल्या.

"उपासाला काय खाल्लं?" डॉक्टरांनी विचारलं.

"भगरीची भाकर. भागवताच्या दुकानातलं सुट्टं पीठ."

तिघींचं उत्तर एकच निघालं.

साठीला आलेल्या छबूबाईंनी उपास कधी चुकवला नव्हता. उपासाचं खाणं बाधेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. सलाईन सुरू झाल्यावर जरा हुशारी आली, तशा त्या एकदम उठून बसल्या. त्याच पिठातलं अर्धं त्यांनी काल पुतण्याच्या बायकोला, पंकजाला दिलं होतं. तिला आठवा महिना चालू होता, आणि ती दुपारीच भाकरी करणार होती.

ज्ञानेश्वरीनं तीनदा फोन लावला. पंकजा उचलेना. शेवटी छबूबाईंनी थेट दुकानदारालाच फोन लावायला सांगितला.

"भागवता, तुझ्या पिठानं आमी तिघी आडव्या झालोय. पंकजाकडं बी तेच हाय. तिनं तोंडात घालायच्या आत पोच!"

भागवत हबकला, पण 'माझं पीठ चांगलंच हाय' असं काही म्हणाला नाही. दुकान उघडं टाकून पळत सुटला. दहा मिनिटं छबूबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. मग फोन वाजला.

"मावशी, तवा तापला हुता, पीठ परातीत हुतं. तिनं घास बी खाल्ला न्हाई."

छबूबाई उशीला टेकल्या. हसूही आलं, डोळ्यांतून पाणीही.

"आता मला काय बी झालं न्हाई," त्या डॉक्टरांना म्हणाल्या.

छबूबाईंनी डॉक्टरांकरवी तक्रार दिली होती; दुसऱ्या दिवशी अन्न सुरक्षा अधिकारी बाई आल्या. घरी उरलेलं पीठ ज्ञानेश्वरी उकिरड्यावर टाकणार होती, ते छबूबाईंनी राखून ठेवायला लावलं होतं. बाईंनी ते घेतलं, दुकानातल्या पोत्यातलंही सीलबंद केलं. पोत्यावर ना कंपनीचं नाव, ना तारीख, ना परवाना. भागवतनं ठोक व्यापाऱ्याचं बिल स्वतःहून काढून दिलं.

"तक्रारीनं ह्याचं दुकान बंद पडंल का वो?" छबूबाईंनी हळूच विचारलं.

"दुकान बंद पाडायला नाही आले, आजी. भगर ओल धरते, पीठ करून ठेवलं की लवकर बुरशी येते. खाणाऱ्यानं विचारलं, तरच विकणारा नीट माल ठेवतो. विचारणं हा तुमचा हक्कच आहे."

महिन्याभरानं अहवाल आला. पिठात बुरशीचं विष होतं. ठोक व्यापाऱ्यावर कारवाई सुरू झाली. आता भागवत भगरीची बंद पाकिटंच ठेवतो. छबूबाई चष्मा लावून त्यावरची तारीख आणि परवान्याचा नंबर बघतात, घरी आणून लागेल तेवढंच दळतात. नवरात्रात आळीतल्या सगळ्या जणी त्यांच्या ओट्यावर फराळाला बसल्या, आणि कुणीही पहिला घास घेताना अडखळलं नाही.