आबांच्या घागरीतलं पाणी

डास म्हटला की लताबाईचं टाळकंच फिरायचं. चोपड्याजवळचं खेडं. घराला लागून केळीचा बाग, मागे गोठा, पुढे उघडी गटार, म्हणजे डासांना आणि माशांना घरबसल्या आवतणच. पण लताबाई हार मानणारी नव्हती. दिवेलागणीला कडुनिंबाच्या ओल्या पाल्याचा असा धूर करायची की डासांच्या आधी माणसंच अंगणात पळायची. गटारीत जळकं ऑइल ओतायची, संडासाच्या पाइपाला जुन्या साडीचं फडकं बांधायची. आमरसाच्या दिवसांत एका हाताने रस ढवळायचा आणि दुसऱ्या हातात ती चटचट वाजणारी बॅट. घरात माशी शिरली की सगळ्यांचं जेवण थांबलंच म्हणून समजा. सून सारिका धुळ्याची, शहरात वाढलेली. आमच्या अक्कांना सरळ सीमेवर पाठवा, असं ती हसून शेजारणींना सांगायची.

नात कामिनी दुसरीत होती, आणि या लढाईतली आजीची खास शिपाई. डास मारला की तळहात आणून दाखवायची. आजी आधी तिला हात धुवायला लावायची आणि मग हातावर गुळाचा खडा ठेवायची.

पाणी साचू द्यायचं नाही हेही लताबाईला पक्कं ठाऊक होतं. करवंट्या, टायर, फ्रिजच्या मागचा ट्रे, सगळं रिकामं करायची. फक्त एका भांड्याला ती हात लावत नसे. ते भांडं म्हणजे आबांची घागर.

आबा म्हणजे तिचा नवरा हिलाल. दोन वर्षांपूर्वी किडनीच्या दुखण्याने गेले. शेवटचे सहा महिने डॉक्टरांनी पाणीसुद्धा मोजून दिलेलं, दिवसाला जेमतेम तीन पेले. माणूस रात्रंदिवस पाणी पाणी करायचा आणि नाही म्हणायचं काम लताबाईकडे आलेलं. शेवटच्या दिवशीही त्यांनी मागितलं, तेव्हा हिने बोट भिजवून नुसते ओठ ओले केले. आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरून पुजतात आणि मग ते पाणी घरात वापरून टाकतात. लताबाईने वापरलं नाही. घागर देवाच्या खोलीत कोपऱ्यात ठेवली, तोंडावर वाटी झाकली आणि पाणी खाली गेलं की वरून भर घालत राहिली. ओतलं कधीच नाही. ज्या माणसाला जिवंतपणी पाणी नाही म्हटलं, त्याचं पाणी मोरीत ओतायचं तरी कसं? वाटी तोंडावर नीट बसत नव्हती, पण पाणी कसं स्वच्छ होतं. त्यात तिला काही वावगं दिसलं नाही.

भादव्यात कामिनीला ताप भरला. डेंग्यू निघाला. मुलगा योगराज आणि सारिका तिला घेऊन जळगावला दवाखान्यात गेले, आणि लताबाई दोन वर्षांच्या भूषणला सांभाळत घरी राहिली. तिसऱ्या दिवशी आरोग्यसेवक घर तपासायला आला. मागे पुढे सगळं फिरला, कुठे काही सापडेना, तर खूश झाला बिचारा. मग घागरीवरची वाटी उचलली, वाटीभर पाणी काढून दारातल्या उजेडात धरलं. आत अळ्या वळवळत होत्या. हा डास चांगल्या पाण्यातच होतो अक्का, असं तो म्हणाला. त्याने घागर ओतून दिली, कागदावर लिहिलं आणि पुढच्या घरी गेला.

दोन दिवसांनी कामिनी गेली.

लताबाईने घागरीचं कोणालाच सांगितलं नाही. धूर बंद झाला. बॅट खुंटीला लटकलेलीच राहिली. हातावर डास बसला तरी ती त्याला चावू द्यायची. शाळेतच चावला असेल हो डास माझ्या पोरीला, असं म्हणून सारिका रडायची, आणि लताबाई हो म्हणायची. त्या हो म्हणण्याची तिला इतकी शरम वाटायची की सुनेने वाढलेलं ताट ती अर्धंच सोडून उठायची.

आखाजी आली. लहान पोरीची घागर भरत नाहीत, असं भाऊबंदांनी सांगून पाहिलं. सारिका ऐकेना. तिने बाजारातून छोटी घागर आणली, भरली, वर गोड सांजोरी ठेवली. पूजा झाल्यावर ती सासूसमोर येऊन बसली.

"अक्का, आबांची ठेवली होती तशीच हीपण ठेवा. ओतू नका. रोज वरून भर घाला. माझ्या पोरीला तहान लागायला नको."

भूषण शेजारी बसून घागरीवर थापा मारत होता. हो म्हणून लताबाई मोकळी झाली असती. गुपचूप रोज पाणी बदललं असतं, तर कोणाला कळणार होतं? पण उद्या आपणच अंथरुणाला खिळलो, मेलो, तर ही घागर अशीच राहणार आणि हे पोरगं याच घरात निजणार.

"आबास्नी घागरमा अळ्या व्हत्यात, बाई," ती म्हणाली. "ते पाणी मी कधी फेकंच नही. कामिनी मन्हा हाते गई."

सारिका उठली. भूषणला कडेवर घेतलं आणि दुपारच्या एसटीने धुळ्याला माहेरी निघून गेली. आखाजीला लेकी माहेरी जातातच, तेव्हा गावात कोणाला काही वेगळं वाटलं नाही. पंधरा दिवस झाले, महिना झाला. योगराज दोनदा जाऊन हात हलवत परत आला.

लताबाई रोज सकाळी कामिनीची घागर ओतते, आतून घासते, उन्हात पालथी घालते आणि सुकली की ताजं पाणी भरते. एके दिवशी योगराजच्या मोबाइलवर सारिकाचा व्हिडिओ कॉल आला. योगराजने फोन आईच्या हातात दिला. लताबाईला भूषणला बघायचं होतं, त्याच्याशी बोलायचं होतं.

"पाणी बदललं?" सारिकाने विचारलं.

"बदलं, बाई."

"दाखवा."

कॅमेरा कसा फिरवायचा ते लताबाईला येत नाही. तिने फोनच उलटा करून घागरीच्या तोंडावर धरला. सारिका बराच वेळ पाणी बघत राहिली आणि मग फोन बंद झाला.

आता रोज फोन येतो. सारिका पाणी बघते. मागून भूषणचं बोबडं बोलणं ऐकू येतं, पण तो दिसत नाही. लताबाईला फोनची नुसती पाठ दिसते.