साहेबाच्या कपबश्या

त्या सोनेरी काठाच्या कपबश्यांचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. वडील दर्यापूरजवळच्या गावचे पाटील. दौऱ्यावर येणाऱ्या गोऱ्या साहेबासाठी त्यांनी त्या अमरावतीहून आणल्या. आई त्या जिवापाड जपायची आणि स्वतः चहा प्यायची पितळेच्या वाटीतून, सगळ्यांचं झाल्यावर.

साहेब आला. चहाला त्याने हातही लावला नाही. बशीत दूध ओतून ती बरोबर आणलेल्या कुत्र्यापुढे ठेवली. वडील हात जोडून हसत राहिले.

तो गेल्यावर आईने तीच बशी घासून तिच्यात चहा ओतला. वडिलांनी ती हिसकावून घेतली.

“कुत्र्याले चालते, मंग मले काहून नाई?” आईने विचारलं.

“ते साहेबाचं कुत्रं होतं.”

आज भाऊ त्या कपबश्या पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. मी त्याच्याकडे चहा घेत नाही.