गाडीच्या मुठी

“बाबा, हात वर करा. फोटोत आले पाहिजेत.”

आवाज मागून आला. माझ्या व्हीलचेअरच्या मुठी दौडीला पैसे देणाऱ्या शेठच्या हातात होत्या. मला कुणी विचारलं नव्हतं.

मैदानात व्हीलचेअरची दौड होती. पायानं अधू लोकांना गाड्या घेऊन द्यायच्या म्हणून वर्गणी जमवायला ठेवलेली. काम चांगलं. मी आपणहून नाव दिलं. बायको गेल्यावर लोधीपुऱ्यातल्या घराबाहेर पहिल्यांदा निघालो होतो. गल्लीत चाकं फिरवून फिरवून हाताला घट्टे पडलेले. चुन्याच्या रेघेपर्यंत स्वतःच्या हातानं जायचं होतं. बस, एवढंच.

मी पॉवरलूमवर होतो. कापडाची गासडी पाठीवर पडली, तेव्हाच पाय मेले. मग ही गाडी बायकोनं ढकलली. तापीवर, बाजारात, दवाखान्यात. पण दर वेळी विचारायची. “अहो, ढकलू का?”

मी चिडायचो. “इतकी वर्षं झाली, विचारते काय?”

“तुमचे पाय आहेत ते. दुसऱ्याच्या पायाला न विचारता हात लावू का?”

उन्हात मुठी तापायच्या, म्हणून तिनं जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या.

त्याच चिंध्यांवर शेठच्या अंगठ्या.

मी मागे पडलो होतो, खरं आहे. दम लागला होता. पण चाक माझ्या हातात होतं. शेठ मध्येच घुसले, सोबत फोटोवाला. गाडी एकदम पळाली. फिरत्या चाकात माझा अंगठा सोलला. माईकवाला ओरडला, “देखिए, हमारे शेठजी खुद बाबा को जिता रहे हैं!” टाळ्या. पुढच्या गाडीत एक पोरगी होती. माझ्यासारखीच, पाय गेलेली. घामानं निथळत स्वतः चाकं मारत होती. मला तिच्या पुढे नेलं. तिनं माझ्याकडं बघितलं. अशी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

लूमवर धागा तुटला की डोक्याआधी हात मशीन बंद करतो. तसाच हात गेला. ब्रेक ओढला.

शेठचं पोट गाडीवर आदळलं. “काय करता बाबा! जिंकत होता ना!”

“तुम्ही जिंकत होता. हात काढा.”

“अरे, मदत करतोय.”

“विचारलं होतं?”

टाळ्या थांबल्या. गर्दीतून कुणी हसलं, “बुढ्ढा सटक गया.” शेठनी हात काढले आणि रुमालाला पुसले. तेही मी बघितलं.

पोरगी पुढे गेली. मग मी ब्रेक सोडला. रेघेपाशी पोचलो तेव्हा सगळे नाश्त्याला गेलेले. चुना चाकांनी विस्कटलेला. “पोचलो गं,” तोंडातून निघालं. ऐकायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाल्याकडं गेलो. चिंध्या सोडवून खिशात घातल्या. म्हटलं, “दोन्ही मुठी काप.”

“बाबा, मग ढकलणार कोण?”

“कुणी नाही.”

घराकडच्या चढावर आता अर्ध्यातच दम लागतो. थांबतो. पुन्हा चाक धरतो. लोक मागून येतात, हात पुढे करतात. धरायला काही सापडत नाही.

विचारणारी एकच होती. ती गेली. चढ मला एकट्यालाच चढायचा आहे. वर पोचेन, नाहीतर तिथंच उन्हात बसेन. पण ढकलून घेणार नाही.