गुलाब वायरमनची राजदूत

प्रज्ञा तायडेला राग आला की तिचा आवाज चढत नसे. तो खाली यायचा, इतका की समोरच्याला कान पुढे करावा लागे. नवल मिस्त्रीच्या गॅरेजात त्या दिवशी तो असाच खाली आला होता.

नशिराबादच्या घरात ती आणि तिची आई द्रौपदाबाई, दोघीच राहायच्या. प्रज्ञा जळगावला एका खासगी लॅबमध्ये रक्त तपासायची. धाकटा भाऊ प्रशील धुळ्यात नोकरीला, बायकोसह तिकडेच. वडील गुलाब तायडे वीज खात्यात वायरमन होते. तारा, चिमटे, खांद्यावर शिडी आणि खाली राजदूत मोटरसायकल, अशा अवतारात त्यांनी सव्वीस वर्षं आजूबाजूची गावं पालथी घातली. लाइट गेली की त्यांना घाईघाईने बोलावणारी काही घरं पाणी मात्र वरून ओंजळीत ओतायची. ते ओंजळ तोंडाला लावायचे, हात पँटला पुसायचे आणि काही न बोलता किक मारायचे. प्रज्ञा लहानपणी मागे बसून हे बघायची. आबांचं गप्प राहणं तिला कधी पटलं नाही, पण तेव्हा तीही कुणाला काही बोलू शकली नाही.

आबा गेले त्याला चार वर्षं झाली. गाडी परसात ताडपत्रीखाली पडून गंजली. यंदा उन्हाळ्यात प्रशीलने ती विकायची गोष्ट काढली. धुळ्याजवळ हायवेवर एकाला हॉटेलच्या भिंतीवर जुनी गाडी टांगायची होती. आबांची गाडी लोकांनी जेवता जेवता बघायची, हे ऐकून प्रज्ञाने फोनवर एवढंच सांगितलं की गाडी विकायची नाही, ती चालू करायची आहे. प्रशील हसला. तिने गाडी नवल मिस्त्रीकडे नेऊन टाकली.

नवलने ती दोन महिने ठेवली. ती विचारायला गेली की तो तिच्याशी बोलायचा नाही, तिच्यासोबत आलेल्या कुणाही पुरुषाशी बोलायचा. एकदा तर तिला सोडायला आलेल्या रिक्षावाल्याला त्याने क्लच प्लेटा समजावून सांगितल्या. शेवटी म्हणाला, इंजिन जाम आहे, भंगारात द्या. तिने मालवाहू रिक्षा केली आणि गाडी घरी आणली.

घरी आबांची पेटी उघडून तिने पाने काढले आणि पहिल्याच दिवशी तिचे हात थांबले. कार्बोरेटर आबांचा नव्हता. त्यांच्या कार्बोरेटरचा एक कान तुटला होता आणि तो त्यांनी स्वतः पितळेचा टाका मारून जोडला होता. समोर होता तो कुठलातरी स्वस्त, नवा. ती तशीच गॅरेजात गेली.

"माझ्या गाडीचा कार्बोरेटर कुठे आहे?"

नवलने हातातलं काम सोडलं नाही. "तुमच्या भावालाच विचारा ताई. त्याच्या सांगण्यावरून काढला."

प्रशीलने नाकारलं नाही. जळगावच्या एका कापड व्यापाऱ्याच्या मुलाला, मननला, जुन्या गाड्या सजवायचा छंद होता. त्याला अस्सल भाग हवे होते, म्हणून कार्बोरेटर त्याला विकला होता. गाडी काही चालू होणार नाही, ताई थकेल आणि नाद सोडेल, मग उरलेला सांगाडा हॉटेलवाल्याला देता येईल, असा प्रशीलचा हिशेब होता. तो म्हणाला, "भंगार तर आहे ते. एवढं काय त्यात?" तिने फोन ठेवला.

राग काढायला तिच्याकडे एकच जागा होती, ते इंजिन. प्लग काढून त्या भोकातून तिने लॅबमधल्या सिरिंजने डिझेल सोडलं. आठवडाभर रोज थोडं थोडं. मग टॉप गिअर टाकून मागचं चाक मागेपुढे ढकलायची. चाक हलेना. ती दातओठ खाऊन ढकलायची, शेजारी भिंतीवरून बघायचे. नवव्या दिवशी आत कुठेतरी काहीतरी सुटलं आणि चाक बोटभर फिरलं. ती तिथेच मातीत बसली आणि रडली, आणि रडू आल्याचाही तिला राग आला.

मग टाकीत डिझेल आणि मूठभर खडी घालून ती टाकी हलवत बसे. गंजाचा लाल चिखल निघायचा. ठिणगी पाडणारे पॉइंट पॉलिश पेपरने घासले, कंडेन्सर भुसावळच्या एका जुन्या दुकानातून मिळाला. सीटचं रेक्झिन द्रौपदाबाईंनी हाताने शिवलं. रंग द्यायला पैसे नव्हते, आणि तिला द्यायचाही नव्हता. तो स्वस्तातला कार्बोरेटर तिने चार वेळा उघडून पुन्हा बसवला. चुकायचं, शिव्या घालायची, मोबाइलवर बघायची, परत उघडायची.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी, कितव्या तरी किकला, राजदूत धुराचा लोट सोडून भडभडली. प्रज्ञा हसली नाही. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून तिने टाकी भरली. पुढचे दोन रविवार गावातल्या गावात फिरून खात्री केली आणि तिसऱ्या रविवारी ती धुळ्याला निघाली. एरंडोलला एकदा प्लग पुसावा लागला, पारोळ्याच्या पुढे चेन उतरली. दुपारी ती प्रशीलच्या दारात उभी राहिली आणि इंजिन बंद केलं नाही.

आवाज ऐकून प्रशील बाहेर आला. गाडीकडे बघतच राहिला. मागे त्याची बायको सपना पाण्याचा तांब्या घेऊन आली. "अक्का, घरमा ये ना," ती म्हणाली. प्रज्ञाने तांब्या तोंडाला लावला, सगळं पाणी प्यायली, पण उतरली नाही.

"ताई, मला वाटलं नव्हतं..." प्रशीलने सुरुवात केली.

"तुला काय वाटलं ते मी विचारायला नाही आले," ती हळू म्हणाली. इंजिनच्या आवाजात ऐकू यावं म्हणून त्याला जवळ यावं लागलं. "आबा लोकांचं सगळं मुकाट सोसून गेले. पण त्यांच्याच घरातल्या माणसाने त्यांना विकलं, हे मी मुकाट सोसणार नाही. ते सांगायला आले."

तो मान खाली घालून उभा राहिला. शेजारच्या गॅलऱ्यांमध्ये माणसं जमली होती. तिने गिअर टाकला आणि वळून निघून गेली.

महिनाभराने प्रशील नशिराबादला आला. मननकडून, बहुधा दुप्पट पैसे मोजून, त्याने आबांचा कार्बोरेटर परत मिळवला होता. तो त्याने ओट्यावर ठेवला. प्रज्ञाने तो उचलला, उलटसुलट बघितला आणि परसात जाऊन बसवायला घेतला. त्याला पाना धर असं म्हणाली नाही, जा असंही म्हणाली नाही. द्रौपदाबाईंनी भावाबहिणीला जेवायला वाढलं. दोघं जेवली. बोलली फक्त आईशी.

आता ती रोज त्याच गाडीवर लॅबला जाते. प्रशीलचा फोन येतो तो आईच्या मोबाइलवर. ताई कशी आहे असं त्याने विचारलं की द्रौपदाबाई मोबाइल प्रज्ञापुढे धरतात. अजून तरी प्रज्ञाने तो हातात घेतलेला नाही.