घागरींचं गणित

माझ्यावर सगळ्यात जास्त ऋण आहे ते चाकूरच्या शाळेत मला फिजिक्स शिकवणाऱ्या सोनकांबळे सरांचं. दीड महिन्यापूर्वी त्यांच्या मुलीचा, सुजाताचा, मला नांदेडला फोन आला, "दादा, बाबा गेले..." मी खुर्चीत बसलो आणि डोळ्यांपुढे आली ती दोन घागरी बांधलेली सायकल. आधी हसू आलं, मग रडू.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. गावात त्याचं कौतुक फार, पाणी मात्र कुठंच नव्हतं. शाळेचा माठसुद्धा कोरडा. मी अकरावीत, घरातला पहिलाच इतका शिकलेला, आणि चाचणीत गतीची पाचही उदाहरणं चुकलेली. सायन्स सोडून आर्ट्सला जायचा अर्ज घेऊन वर्गातच सरांपुढे उभा राहिलो.

सरांनी अर्ज खिशात घातला. "सही करतो की. आधी एवढं सोडव. मळ्यातली विहीर तीन किलोमीटर. जाताना घागरी रिकाम्या, वेग ताशी बारा. येताना भरलेल्या, सायकल ढकलत, ताशी चार. सरासरी किती?"

"आठ," मी म्हणालो. बारा नि चार सोळा, त्याचे निम्मे. सगळा वर्गही आठच म्हणाला.

"म्हंजे जाऊन-येऊन सहा किलोमीटरला पाऊण तास. हे घे घड्याळ, ती सायकल. पाणी भरायचा वेळ वेगळा लिही, तो सोडून देऊ. पाऊण तासात आलास की सही."

"आन् न्हाई आलो तर?"

"तर रहा मग सायन्समध्येच, काय करणार!" वर्ग हसला.

जाताना पाव तासात पोचलो. येताना मात्र रस्ता संपेना. एकदा दोरी सुटली, घागर कलंडली... आणि ती सावरतानाच लख्ख कळलं. बहुतेक वेळ तर मी हळूहळूच चालत होतो. मग दोन्ही वेगांना सारखा वाटा कसा द्यायचा?

"सर, आठ न्हाई, सहा!" मी दारातूनच ओरडलो. पाणी भरायचा वेळ सोडून घड्याळात एक तास दोन मिनिटं.

"वरची दोन मिनिटं कशाची?"

"दोरी सुटली होती."

"मग तसं लिही. चूक लपवायची न्हाई, मोजायची."

तेवढ्यात शिपाईमामांनी व्हरांड्यातून हाळी दिली, "सर, माठ भरला बरं का!" सर गालात हसले. अर्ज त्यांच्या खिशातच राहिला. मीही कधी मागितला नाही.

परवा भेटायला गेलो तेव्हा सुजातानं ते घड्याळ दाखवलं. त्याच्या डबीत घडी घालून ठेवलेलं माझं जुनं पत्र होतं. त्यातल्या 'आठ'पुढं सरांनी लाल शाईनं 'किमी ताशी' लिहिलंय. पत्र असं :

"सर, सा. न. आज अर्धापूरजवळच्या शाळेत पहिला तास घेतला. घागरींचं गणित घातलं. सगळ्यांनी आठ सांगितलं. एकच मुलगी उठून म्हणाली, 'सर, येताना लई येळ लागतो की!' घरचं पाणी तीच आणते. तिला विहिरीवर पाठवायची गरज पडली नाही. पण माठ रिकामा होता, म्हणून सायकल मीच काढली. दोरी सुटू दिली नाही."