ट्राउटला फसवणारा किडा

परदेशात, टौरंगातल्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मला आठवडाभर कामावर घेऊन बघणार होते. शिक्षण किती, असं मालकीणबाईंनी विचारलंच नाही. नुसते माझे हात पाहिले. नववीत शाळा सुटलेल्या बाईला हे केवढं वाटतं! म्हणूनच भीतीही जास्त. नवरा किवीफ्रूट खोक्यांत भरायच्या पॅकहाउसमध्ये कामाला, मी दिवसभर घरात. हे काम गेलं तर पुन्हा तेच.

काम गळावर खोटे किडे बांधायचं. नदीतल्या दगडांखाली मेफ्लाय नावाच्या माशीची पिल्लं राहतात, ती ट्राउट मासे आवडीने खातात. तसाच किडा सशाच्या केसांचा आणि तांब्याच्या तारेचा करायचा. बाईंनी एक करून दाखवला. मी ट्रेभर केले.

शाळा सुटल्यावर इचलकरंजीला मी शर्टांचे सुटे धागे कापायला जायचे. एक धागा लोंबला की सुपरवायझर शर्ट अंगावर फेकायचा. ती सवय हातात राहिलेली. प्रत्येक किड्याचे बाहेर आलेले केस मी कात्रीने साफ केले.

बाईंनी ट्रे पाहिला, चष्मा वर सरकवला. "यांना सलूनला नेऊन आणलंस का गं?"

मी कात्री खाली ठेवली. "चुकलं का?"

"चल, गाडीत बस. ट्रे घे."

नदीवर त्यांनी एक दगड उलटा केला. खाली चपटा, तपकिरी किडा. माझ्या ओंजळीतल्या पाण्यात त्यांनी तो सोडला. शेपटीला तीन केस, आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ले थरथरत होते.

"हे हलतं म्हणून माशाला तो जिवंत वाटतो. आपल्या किड्यात त्याच्या जागी केस. तू तेच कापलंस."

तिथेच बॉनेटवर मी एका किड्याचे केस सुईने उकरून बाहेर काढले. हात धजत नव्हता. मुद्दाम विस्कटून ठेव, असं मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

बाईंनी तो दोरीला बांधून प्रवाहात टाकला. काही नाही. परत टाकला. मी घाटावरची, माशासाठी देवाला हात जोडत उभी. आणि दोरी ताणली.

मासा त्यांनी अलगद सोडून दिला, किडा मला दिला. "स्वीट ॲज, झकास! सोमवारपासून कायमची ये. आधी बाकीच्यांना विस्कट."

नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "मासा कुठाय? रस्सा केला असता."

"सोडला."

"मग खरं कशावरून?"

मी तळहात उघडला. किडा अजून ओला होता, केस सगळे पिंजारलेले.